हिश्शाचे भाऊ, बिनहिश्शाचे भाऊ

मराठी कुटुंबात चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार तऱ्हेची भावंडे असतात. लग्नकार्यातली धावपळ, आजारपणातली जाग, परगावी मिळणारा आसरा या बाबतीत चारही सारखीच वाटतात, पण या नात्यांचा इतिहास एक नाही. चुलतभाऊ हा एकाच घरात, एकाच वतनात आणि एकाच कर्जात जन्मलेला वाटेकरी होता. आते, मामे आणि मावस भावंडांमध्ये वाटणीचा प्रश्नच नव्हता. पहिल्या नात्याला कर्तव्याचे आणि तंट्याचे वळण लागले, दुसऱ्याला लोभाचे. मराठी मुलखातल्या विस्तारित कुटुंबाची घडण बऱ्याच अंशी या एका फरकावर उभी होती.

शास्त्राने हा फरक फार पूर्वीच नोंदवून ठेवला. याज्ञवल्क्य स्मृतीवरची विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही टीका चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणी म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे तयार झाली. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात वारसाहक्काचा निवाडा तिच्या आधारे होत राहिला. मुंबई, उत्तर कोकण आणि गुजरात इकडे नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’ला अधिक मान होता. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मताच निर्माण होतो. त्यामुळे आजोबा हयात असतील तोवर त्यांचे मुलगे, नातू आणि पणतू एकाच मिळकतीचे सहधारक ठरत, आणि चुलतभाऊ पाळण्यात असल्यापासून एकमेकांचे भागीदार होत. निपुत्रिकाच्या वारसांतही गोत्रज, म्हणजे बापाच्या रेषेतले नातलग, बंधूंच्या आधी येत. आतेभाऊ, मावसभाऊ आणि मामेभाऊ हे ‘आत्मबंधू’ मानले गेले आणि त्यांची पाळी गोत्रज संपल्यावर आली. सुतकाचा हिशोब याच रेषेने चाले. सात पिढ्यांच्या आतल्या भाऊबंदाच्या मृत्यूचे सुतक दहा दिवसांचे, तर मामे-मावस भावाचे ‘पक्षिणी’, म्हणजे जेमतेम दीड दिवसाचे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १८व्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधू’ने हे नियम महाराष्ट्रात घरोघरी पोचवले. परगावच्या कधी न पाहिलेल्या चुलत-चुलत भावासाठी दहा दिवस देवपूजा बंद ठेवायची आणि आजोळी एका ताटात जेवलेल्या मामेभावासाठी दुसऱ्याच दिवशी मोकळे व्हायचे, हा प्रकार पाळणाऱ्यांनाही विचित्र वाटत असला पाहिजे. महाभारताची मांडणीही अशीच आहे. राज्यासाठी लढतात ते चुलतभाऊ, आणि अर्जुनाचा रथ हाकतो तो मामेभाऊ. कृष्णाचा आतेभाऊ शिशुपाल हा मात्र या मांडणीतला ठळक अपवाद.

मराठेशाहीत चुलत नात्याला खरी धार आली ती वतनामुळे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही वतने वंशपरंपरेची होती आणि ती एका माणसाची नसून घराण्याची असत. वतनाच्या उत्पन्नाच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, शाखांमध्ये पडत. वडील शाखेकडे वडीलकीचा मान राही: पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीची पहिली पोळी कोणाची, गावच्या कागदावर नांगराची निशाणी कोणी करायची. उत्पन्न वाटता येते, मान वाटता येत नाही. म्हणून तंटे बहुधा मानापानावरून पेटत आणि पिढ्यान्‌पिढ्या धुमसत. ते गोतसभेपुढे जात, निवाडा होऊन त्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जाई, आणि दोन पिढ्यांनी दुसरी शाखा तोच महजर खोटा असल्याची फिर्याद घेऊन उभी राही. मराठेशाहीच्या दप्तरांत अशा कागदांची रेलचेल आहे. वंशावळी जपून ठेवण्याची मराठी सवय कुलाभिमानातून आली असे सांगितले जाते, पण कित्येक जुन्या वंशावळी दाव्यात पुरावा म्हणून दाखल केलेल्या आहेत.

देशावरच्या गावांत जमिनीचीही बांधणी भाऊबंदांवर झालेली होती. एका मूळ पुरुषाच्या वंशजांचा ‘जथा’ असे, त्याने धरलेल्या जमिनीला ‘थळ’ म्हणत, आणि पुष्कळ थळांना कुळांचीच नावे होती. मूळ कूळ नाहीसे झाले तरी थळाचे नाव टिके. जथ्यातल्या एकाने सारा थकवला तर तो बाकीच्यांच्या अंगावर येई. चुलतभावाची आळशी शेती ही अशा रीतीने आपलीच काळजी होई. त्याला बैल द्यायचा, बी द्यायचे, त्याच्या मुलीच्या लग्नाला हातभार लावायचा, यात माया असेलही, पण त्यामागे हिशोबही होता. दक्षिण कोकणात खोतीच्या, म्हणजे सारावसुलीचा वंशपरंपरेचा हक्क असलेल्या, गावांत वाटेकरी भाऊबंद आळीपाळीने एकेक वर्ष खोतीचा कारभार पाहत. पाळी आली की वर्षभर मान आपला, आणि सरकारदेण्याची जबाबदारीही आपली.

राजघराणीही या नियमाला अपवाद नव्हती. छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र शाहू आणि राजाराम महाराजांचे पुत्र कोल्हापूरचे संभाजी हे सख्खे चुलतभाऊ. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीचा प्रश्न उभा राहिला. कोल्हापूरकर संभाजींनी पुढे शाहूंविरुद्ध निजामाचा आधारही घेतला. १७३० मध्ये वारणेच्या काठी त्यांचा पराभव झाल्यावर शाहूंनी धाकट्या भावाला शिक्षा केली नाही. १७३१ च्या फेब्रुवारीत कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघांची समारंभपूर्वक भेट झाली, आणि एप्रिलमध्ये वारणेचा तह होऊन नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे आणि उत्तरेचा साताऱ्याकडे राहिला. इतिहासात हा दोन राज्यांमधला तह म्हणून येतो. त्याची घडण मात्र चुलतभावांच्या वाटणीपत्राची आहे.

पेशव्यांच्या घरात याच नात्याची दुसरी बाजू दिसते. चिमाजी अप्पांचे चिरंजीव सदाशिवराव १७३० साली जन्मले. त्यांची आई लवकर वारली, आणि १७४० मध्ये आधी चुलते बाजीराव आणि मग वडील चिमाजी अप्पा असे दोघेही गेले. दहा वर्षांच्या या मुलाला आजी राधाबाईंनी वाढवले. पुढे थोरले चुलतभाऊ नानासाहेब पेशवे यांच्या कारभारात त्यांना हवे ते स्थान मिळेना, तेव्हा १७५० च्या सुमारास कोल्हापूरची पेशवाई स्वीकारण्यापर्यंत गोष्ट आली. घर फुटण्याच्या बेतात होते. ते टळले, कारण नानासाहेबांचे कारभारी महादोबा पुरंदरे यांनी जागा मोकळी केली आणि पुण्याचा कारभार सदाशिवरावांकडे आला. त्यानंतर दहा वर्षे दोघा भावांची जोडी अभंग राहिली. १७६० मध्ये उदगीरचा विजय मिळवून सदाशिवराव उत्तरेत गेले तेव्हा नानासाहेबांनी आपला थोरला मुलगा विश्वासराव त्यांच्याबरोबर दिला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दोघेही पडले आणि २३ जूनला पुण्यात पर्वतीवर नानासाहेबांचा अंत झाला. वाटणीचा वेळीच मान राखला तर चुलतभाऊ जीव देतो, न राखला तर शत्रूला जाऊन मिळतो, असा हा अठराव्या शतकाचा अनुभव होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिले, त्याचा विषय मात्र काका-पुतण्याचा, राघोबादादा आणि नारायणराव यांचा आहे.

वतनाच्या बाहेर, घराच्या आत, चुलत भावंडांचे जिणे वेगळेच होते. चौसोपी वाड्यात किंवा शेतावरच्या लांब घरात तीन-चार भावांचे संसार एका चुलीवर चालत. मुले कोणाची हे जेवणाच्या पंगतीत ओळखू येत नसे, आणि येऊ नये अशीच रीत होती. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःच्या मुलाला उचलून घेणे हा निर्लज्जपणा मानला जाई. ते काम काकाने करायचे. याचा एक परिणाम एकत्र कुटुंबात वाढलेल्यांच्या तोंडी राहिला. थोरल्या चुलत भावंडांचे ऐकून मुले सख्ख्या बापाला ‘काका’ किंवा ‘भाऊ’ आणि सख्ख्या आईला ‘काकू’ किंवा ‘वहिनी’ म्हणू लागत, आणि तेच नाव आयुष्यभर चालत राही. दादा, नाना, अण्णा, ताई, अक्का ही नावे घरातल्या सगळ्या पोरांत मिळून वयाच्या क्रमाने वाटली जात. थोरला ‘दादा’ कोणाच्याही पोटचा असो, सगळ्यांचा दादा तोच. कपडे, पाटी, पुस्तके वरून खाली उतरत. मुंजी तर चार-चार चुलतभावांच्या एकाच मांडवात उरकत, कारण आचारी, भटजी आणि पाहुणे एकदाच बोलावले की खर्च वाचे.

या व्यवस्थेची काळी बाजू स्त्रियांच्या वाट्याला अधिक आली. तुपाची धार कोणाच्या मुलाच्या ताटात किती पडली, आजारी मुलासाठी वैद्य कोणाच्या पैशाने आला, यावरून जावांमध्ये जे साचे ते मुलांना न सांगताही कळे. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत असे घर आतून दिसते. तरीही आपत्तीत या घरांचा उपयोग मोठा होता. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात शिरलेला प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, बाळंतपणातले मृत्यू या सगळ्यांत पोरक्या झालेल्या मुलांसाठी अनाथाश्रम ही शेवटची जागा होती. पहिली जागा चुलत्याचे घर. तिथे ती मुले कधी मायेने वाढली, कधी राबवून घेतली गेली.

चुलत भावंडांचे घर ते आपले घर. मामे आणि मावस भावंडांचे ठिकाण होते आजोळ, आणि तिथे माणूस पाहुणा म्हणून जाई. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येई, म्हणून पुष्कळांचा जन्मच मामाच्या घरी होत असे. पुढे दरवर्षी सुटीत किंवा सणाला आईबरोबर जाणे होई आणि तिथे आईच्या सगळ्या बहिणींची मुले जमत. चार बहिणी चार गावांहून एका घरी येत, तेवढ्या दिवसांत त्या पुन्हा मुली होत आणि त्यांची मुले एकमेकांची होत. आगगाडीने हे जाणे-येणे सोपे केले. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली, १८६३ मध्ये बोरघाट ओलांडला गेला, आणि पुढच्या काही दशकांत शाळेची मे महिन्याची सुटी व आगगाडी यांची सांगड बसली. ‘मामाचा गाव’ हे मराठी बालपणाचे ठरलेले चित्र यातूनच तयार झाले. ते पहिल्यापासून सर्वांचे नव्हते. शेतमजुराच्या मुलांना सुटी कामाचीच असे.

मामे आणि आते भावंडांत आणखी एक गोष्ट शक्य होती, ती म्हणजे लग्न. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेच्या खास चालींमध्ये मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी विवाह यांचा उल्लेख आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा ठरवले, ते बरेचसे याच चालीवरून. मराठा, कुणबी आणि अनेक जातींत मामाची मुलगी पसंतीची, किंबहुना हक्काची. भाची आत्याच्या घरी सून म्हणून जाई. उलट दिशेने, म्हणजे आत्याची मुलगी मामाच्या घरी आणणे टाळले जाई, कारण दिलेल्या घरचा वेल परत येऊ नये अशी समजूत होती. देशस्थ ब्राह्मणांत मामेबहीण चालते, कोकणस्थांत चालत नाही. चुलत आणि मावस बहीण मात्र हिंदूंत सगळीकडे बहीणच. महाराष्ट्रातल्या मुसलमान कुटुंबांत चुलत भावंडांतही लग्ने होतात, त्यामुळे तिथे नात्यांची रेषा वेगळी आखलेली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आईकडून तीन आणि बापाकडून पाच पिढ्यांच्या आतले सपिंड विवाह निषिद्ध केले, परंतु रूढी असेल तिथे सूट ठेवली. मामाच्या मुलीशी लग्न त्या सवलतीमुळे कायदेशीर राहिले. शिक्षण वाढले, आनुवंशिक आजारांची माहिती पसरली, आणि मामे-आते भावंडे एकमेकांकडे जोडीदार म्हणून पाहीनाशी झाली. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे आणि मराठवाड्यात ही चाल अजून दिसते, पण पूर्वीचा आग्रह राहिलेला नाही.

धार्मिक विधींनी मात्र चारही नाती एका पातळीवर आणून ठेवली. भाऊबीजेला ओवाळायला सख्खा भाऊ नसेल तर चुलत, मामे, मावस कोणीही चालतो, आणि सख्खा असला तरी बाकीचे पाटावर बसतातच. लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालणे आणि नवऱ्या मुलाचा कान पिळून मानपान वसूल करणे ही भावाची कामे. करवली म्हणून कलश घेऊन उभी राहणारी मुलगी चुलत की मावस हे विचारायची पद्धत नाही. नागपंचमीचा उपवास बहिणी भावासाठी करतात तोही असाच सगळ्यांच्या नावाने. मिळकतीच्या कागदावर जी नाती वेगवेगळ्या रांगेत होती ती इथे एका रांगेत आली. म्हणूनच कदाचित कोर्टात दावे चालू असलेले चुलतभाऊही बहिणीच्या लग्नात लाह्या घालायला येत.

औद्योगिक मुंबईने भावकीला नवे काम दिले. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष गिरणगावात आले. ते नातलगांच्या मागोमाग आले. गिरणीत कामगार भरण्याचा अधिकार जॉबरकडे असे आणि जॉबर आपल्या गावच्या, आपल्या भावकीच्या माणसाला ‘बदली’ म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, चिकटवी. राहायला गावकीची खोली. एका चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत गावचे आणि घरचे पुरुष पाळीप्रमाणे झोपत, जेवण खाणावळीत, आणि सामान खुंटीवर आणि ट्रंकेत. बायका-मुले गावी शेतावर. गावात राहिलेला भाऊ मुंबईतल्या भावाची जमीन कसे आणि त्याचे कुटुंब सांभाळे, मुंबईतला दरमहा मनीऑर्डर पाठवी आणि गावाहून आलेल्या पुतण्याला खोलीत जागा देई. संप झाला, नोकरी गेली, क्षय झाला तर परत जायला घर होते. कामगारांसाठी सरकारी विमा नव्हता तेव्हा हा विमा होता. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात हजारो कुटुंबे गावी परतली ती याच आधारावर, आणि तो आधार तोवर किती झिजला होता हेही तेव्हाच उघडे पडले. गावाशी ही गाठ सणानेही राखली. कोकणात गणपती मूळ घरीच बसवायची चाल आहे. वर्षाची पाळी ज्या शाखेची, तिने खर्च करायचा आणि बाकीच्यांनी हजेरी लावायची. मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानी बोटीने, मग एसटीने आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने येत राहिले. यात भक्तीचा वाटा आहेच, पण सामाईक घराच्या कौलांचा खर्च कोणी द्यायचा हा विषयही बहुधा याच दिवसांत निघतो.

पांढरपेशांत हेच शिक्षणासाठी घडले. पुण्या-मुंबईत एकाला नोकरी लागली की त्याच्या दोन खोल्यांत चुलत, मामे, मावस असे पाच-सहा विद्यार्थी राहून जात. यजमानीण स्वयंपाक करून थके आणि उपकाराची जाणीव पुढे दोन पिढ्या बोलून दाखवली जाई. उद्योगातही अशी उदाहरणे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत त्यांचे पुत्र शंतनुराव कारखानदारीकडे वळले, तर पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके चालवली. चुलतभावांनी एकाच नावाखाली दोन वेगळी क्षेत्रे सांभाळल्याचा हा दुर्मीळ नमुना आहे. मराठी व्यापारी घराण्यांत तिसऱ्या पिढीला दुकानाच्या पाटीवरून वाद होणे अधिक नेहमीचे.

विसाव्या शतकात कायद्याने चुलत नात्याचा जुना पाया एकेक करून काढून घेतला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. वडीलकीच्या मानाला आर्थिक अर्थ उरला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. आजवर ओवाळणी घेऊन जाणारी चुलतबहीण आता सातबाऱ्यावर आली. तिच्या सहीशिवाय विक्री होत नाही, आणि भाऊबीजेच्या आसपास हक्कसोडपत्राचा विषय काढणारे भाऊ गावोगाव आहेत. आतेभावंडे आईच्या हक्काने त्याच उताऱ्यावर येऊ लागली, त्यामुळे बिनहिश्शाच्या नात्यातही हिस्सा शिरला.

याच शतकात वाटणीशी संबंध नसलेली भावकी मुद्दाम उभी करण्याचे प्रयत्नही झाले. आडनावांची कुलमंडळे निघाली, वंशावळी छापून कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले, विशेषतः कोकणस्थ ब्राह्मणांत, आणि दर काही वर्षांनी कुलसंमेलने भरू लागली. त्याआधी हे काम त्र्यंबक, नाशिक आणि काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या करीत, आणि दक्षिण महाराष्ट्रात घरोघर फिरून वंशावळ म्हणणारे हेळवी. कुलवृत्तांतांच्या पहिल्या आवृत्त्यांत मुलींना जागा कमी होती, लग्न होताच त्यांची नोंद संपे. नव्या आवृत्त्यांत ती पुढे चालू राहते.

या सगळ्यापेक्षा मोठा बदल संख्येत आहे. आई आणि बाप दोघेही सहा-सहा भावंडांपैकी असतील आणि त्या प्रत्येकाला सहा मुले झाली, तर एका माणसाला चारही तऱ्हेची मिळून साठ भावंडे मिळतात, तीस बापाकडून आणि तीस आईकडून. दोन-दोन मुलांच्या कुटुंबात हा आकडा चारवर येतो, आणि दोन पिढ्या एकेकच मूल असेल तर शून्यावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर स्त्रीमागे १.७ होता. चारांपैकी एक-दोन नाती अजिबात नसलेली मुले त्यामुळे वर्गावर्गांत सापडतात. ज्याच्या आईला बहीण नाही त्याला मावसभाऊ नाही, आणि ज्याच्या बापाला भाऊ नाही त्याला काका नाही. लग्नाच्या मांडवात लाह्या घालायला आता आईच्या मामेभावाचा मुलगा किंवा नवरीचा वर्गमित्र उभा राहतो, आणि गुरुजी त्याला गोत्र विचारत नाहीत.